अर्धी सही

मंगळवार, संध्याकाळ. लोधीपुरा

आज कोर्टात मी गरजलो, "माल नमुन्यासारखा नाही म्हणता, मग नमुना दाखवा!" समोर माल विकत घेतलेला व्यापारी उभा होता. आमच्या कापडबाजारात सौदा ठरला की नमुन्याच्या कापडावर सही होते, मग सहीमधूनच कापून दोघं अर्धा-अर्धा तुकडा ठेवतात. त्याचा तुकडा दुकान हलवताना हरवला. माल विकणारे माझे अशील मनोहरशेठ म्हणाले होते, "माझ्याकडेही नाही."

आणि आत्ता माझ्यासमोर बसून शेठनी खिशातून कापड काढलं, चष्मा पुसला. कापडावर निळ्या चौकटी, कडेला अर्धी सही.

"शेठ, हे काय?"

"राहू द्या ना वकीलसाहेब. जजसाहेब थोडीच माझा चष्मा बघणार?"

कापड चांगलं दाट होतं. शेठनी पाठवलेला माल विरळ, तो मी पाहिलाय. सचोटीवर व्याख्यानं देणारा मी गप्प का बसलो? वकीलपत्र सोडू? अशिलाचं गुपित कोर्टात कसं सांगू? आणि न सांगता तेच पुन्हा कसं बोलू? ती अर्धी सही डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या अकराला उरलेला युक्तिवाद. पहिलं वाक्य तीनदा लिहून खोडलं. मला कधी वाक्य लिहून न्यावं लागलं नव्हतं.