सिमेंट कोणी कालवलं?

प्रिय चिमणे,

रेडिओवर सांगतात ते खरं आहे. तुझे बाबा गेले. रडायचं असेल तर पत्र संपल्यावर रड. आधी नीट वाच, कारण घाईत लिहितेय आणि अक्षर लागणार नाही. चाळीस वर्षं लोकांच्या हिरड्यांत सुया टोचल्या, औषधाच्या चिठ्ठीपलीकडे कधी काही लिहिलं नाही.

काल सकाळी लष्कराची जीप दवाखान्यासमोर थांबली. खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडातला कापूस तसाच राहिला आणि मला इस्पितळाच्या लाँड्रीत नेलं. तिथे ओल्या चादरींमध्ये, कपडे घड्या घालायच्या टेबलावर, माझा धाकटा भाऊ. चेहरा ओळखण्याजोगा ठेवलाच नव्हता, म्हणून दातांची डॉक्टर असलेली बहीण बोलावली. याच्या एका शब्दावर चार हजार माणसं नदी ओलांडून गेली होती. पूल पडला, शहर हातचं गेलं, उरलेल्यांना त्यानेच घरी पाठवलं, आणि शेवटी पायांत दोन वेगवेगळे बूट. माझा त्याच्यावर राग होता, तुला ठाऊक आहे. आईच्या आजारपणात न फिरकलेला माणूस क्रांती कुणासाठी करतो, असं मी त्याला तोंडावर विचारलं होतं. तू त्याला दुपारच्या सुट्टीत दवाखान्याच्या मागच्या दाराने घेऊन आलीस, त्याच दिवशी. त्याची दाढ ठणकत होती. सुई पाहून कमांडरसाहेबांनी खुर्चीचे हात असे आवळले की तुला हसू फुटलं. मी तात्पुरतं सिमेंट भरलं आणि महिन्याभरात ये, पक्कं भरू, म्हटलं. जिवंत असलो तर येतो, म्हणाला. मी म्हटलं, फाजीलपणा पुरे.

जीपमध्ये मी ठरवलं होतं, अकरा वर्षांत त्याचं तोंड पाहिलं नाही असंच सांगायचं. पण त्यांनी जबडा उघडला, मी आरसा आत घातला, आणि सिमेंट जसंच्या तसं दिसलं. दर पेशंटला बोलते तेच तोंडून निघून गेलं, "महिन्याभरात ये म्हटलं होतं, आला नाही." चौकशीला आलेल्या लष्करी साहेबाने मान वर केली. मग मी सांगितलं की एकदाच आला, एकटाच आला. त्याने ते तारखेसकट लिहून घेतलं आणि मला घरी सोडलं. तेव्हापासून दवाखान्याच्या बाकावर दोन माणसं बसून आहेत. त्यांचे दात ठणठणीत आहेत.

आता मुद्द्याचं. साहेबाबरोबर लष्कराचा दंतवैद्य होता, कॉलेजात माझ्या मागे दोन वर्षं. त्यानेही आत पाहिलं आणि विचारलं, "बाई, सिमेंट कोणी कालवलं?" बिचाऱ्याने सवयीनेच विचारलं असेल. मीच, म्हटलं. पण दाढ कोरडी धरायला माझे दोन्ही हात लागतात आणि ते सिमेंट दोन मिनिटांत घट्ट होतं, हे त्याला माहीत आहे. एकटीचं काम नाही ते. माझी नर्स तेव्हा रजेवर होती, हे त्यांनी संध्याकाळपर्यंत शोधून काढलं. उद्या दहाला मला पुन्हा बोलावलंय. कालवणारे हात कुणाचे, एवढाच प्रश्न आहे. हे पत्र कवळीच्या डबीत घालून देते आहे. आणणाऱ्या बाई माझ्या जुन्या पेशंट, विश्वासाच्या आहेत. अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांच्याबरोबर नीघ. बाबांना ताब्यात मागायला येऊ नकोस, ते मी बघते. आणि कुठे गेलीस ते मला कळवू नकोस. ठाऊक असलेलं मी किती वेळ दडवू शकेन, याचा मला भरवसा नाही.

तुझीच,
खडूस आत्या