मिठावरचा दगड

प्रिय आई,

पर्यटकांची शेवटची तुकडी आत्ताच परत गेली. राजवाड्याच्या पडक्या भिंतीशी बसून लिहिते आहे. पाय दुखतात, घसा बसलाय. दिवसातून चार वेळा तेच सांगायचं: चौदाशे वर्षांपूर्वी इथल्या व्हिसिगॉथ राजाने मुलाच्या नावाने हे शहर वसवलं, पुढे ते ओस पडलं आणि दगड लोकांनी वाहून नेले. ‘लोकांनी’ म्हणताना हल्ली जीभ अडखळते.

रविवारी तू आलीस, मी इथे कामाला लागल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदाच, गावातल्या बायकांबरोबर. पडक्या चर्चमधली, वेदीपुढची कोरीव फरशी दाखवत मी म्हणाले, हिचा अर्धा तुकडा कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. तू वाकलीस, अर्ध्या फुलावरून अंगठा फिरवलास आणि मोठ्याने म्हणालीस, “अगं कासिल्दा, हा तर आपला मिठावरचा दगड!” फेलिसामावशी म्हणाली, “म्हणजे तुमच्याकडचं डुक्करसुद्धा राजघराण्यातलं म्हणायचं!” सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि पुढच्या भिंतीकडे वळले.

दर नोव्हेंबरात डुक्कर कापलं की तू मांड्या टिकवायला मिठात पुरतेस आणि वर तो दगड ठेवतेस, तुझी आई ठेवायची तसाच, कोरीव बाजू खाली. लहानपणी दगड उचलला की मिठात अर्धं फूल उमटलेलं दिसायचं. इतकी वर्षं शिकले, पण ते मला नाही आठवलं. तुझ्या अंगठ्याला आठवलं.

त्या दिवशी घरी जेवताना सेवेरोमामा म्हणाला, “त्यावर काय राजाचं नाव आहे? सरकारी माणसं न्यायला आली तर ताहो नदीत फेकीन. पोरीला शिकवलं ते घरावर पहारा ठेवायला?” तू मसूर वाढत राहिलीस. मला मामाचं की दगड मागणाऱ्यांचं, कुणाचंच चुकलेलं वाटत नव्हतं, म्हणून जास्त दमले.

आई, काल मी पुरातत्त्व कार्यालयात दगडाबद्दल कळवलं. तुला न विचारता. विचारलं असतं, तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. गुरुवारी सकाळी ते दगड न्यायला येतील. अर्जात ‘कुणी ओळखला’ या रकान्यात मी तुझं नाव लिहिलंय, आणि पुढे लिहिलंय की तू स्वतःहून द्यायला तयार आहेस. पहिलं खरं आहे. दुसरं खरं की खोटं, ते आता तुझ्या हातात. दार मामाला उघडू देऊ नकोस, तू उघड.

तुझीच, थकलेली,
कासिल्दा