वेणी पुढं आली की

१२ मे, मंगळवार

टीव्हीवर शालू दिसली! आपली शालू! अंगात महाराष्ट्राचा शर्ट, डोक्याला टोपी, टोपीमागून लोंबणारी वेणी. मी कणिक मळत होते, तशीच भरल्या हातानं टीव्हीपुढं येऊन उभी ऱ्हायले. पोरींची सॉफ्टबॉलची स्पर्धा आहे, एकोणीसच्या आतल्या. लांब, दुसऱ्या राज्यात. माझ्या पोरानं, सत्यमनं, सकाळी लावून दिली आन् कंपनीत गेला.

पाचवीपासून माझ्या घरात ऱ्हाती, पण खेळताना कधी बघितलीच नाय. ग्राउंडवर जायला फुरसत कुणाला? सोनाजीनं – माझा धाकटा भाऊ, तिकडं कन्नडला, मेंढरामागं हिंडतो – आणून सोडली तवाच म्हणला, "आक्का, शिकव हिला. आन् मोठी झाली की तुझ्या सत्यमलाच ठेव." मी व्हय म्हणलं. भावाची पोरगी बहिणीच्या घरात सून. आमच्यात ह्याला बैठक लागत नाय.

आता खेळाचं. चेंडू कमरंखालून टाकायचा, हात पुरा गोल फिरवून. समोरची दांडक्यानं हाणती. बाकीच्या पोरी काय टाकायल्या, देवा! एक तर अशी की अंगणात सडा शिंपायलीय. आन् दुसऱ्या बेसवरची उभी होती का झोपली होती? चेंडू पायातून गेला, मंग वाकली! शालूचा हात मात्र फिरला की दिसतच नाय. खाली आकडा येतो, किती जोरात गेला त्याचा. ८७ आला. जास्त का कमी, ठाऊक नाय. बोलणारा माणूस "वा" म्हणला, म्हणजे जास्तच.

१३ मे, बुधवार

आकड्याची गरजच नाय. वेणी बघायची! जोरात टाकला की वेणी खांद्यावरून पुढं येती. हळू टाकला की पाठीवरच लोळत पडती. आकडा यायच्या आधी मी सांगते. दोनदा चुकले. शेजारची मंजुषा येऊन बसली होती, लई हसली.

"काकू, मॅच बघायलात का सून?"

"दोन्ही. तू गप बस."

बोलणारा माणूस सांगत होता, ह्याच पोरींतून भारताची टीम निवडायचीय. निवडलेल्यांचं जूनमधी शिबिर, महिनाभर. निवडणारे साहेब तिथंच छत्रीखाली बसलेत. शालूचं नाव त्यानं दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं तवा माझ्या मानंवर काटा आला.

१४ मे, गुरुवार

नळाला पाणी आलं आन् मला कळालंच नाय! आठवड्यातून एकदा येतं, सगळी गल्ली पाइप घेऊन पळती, आन् माझा हौद भरून रस्त्यावर वाहिला. सत्यमचे पप्पा ओरडले, "टीव्हीत काय पुरून ठेवलंय?"

काय सांगू त्यांला.

चेंडू टाकला की तेच परत हळू करून दाखवतात. पहिल्या दिवशी मला राग यायचा – बघितलं की एकदा, खामखा कशाला! आता त्याचीच वाट बघते. शालूचा हात वर जातो, लई सावकाश. बोटं उघडतात. चेंडू सुटतो आन् जागच्या जागी तरंगल्यावानी ऱ्हातो. माती उडती ती खाली यायलाच तयार नाय. तिचा एक पाय हवेतच. कूलरची घरघर बी तेवढ्यापुरती बंद पडल्यावानी वाटती. पोरीच्या तोंडावर मी घरात कधी न बघितलेलं काहीतरी आहे. हसणं नाय. राग बी नाय. झोपेत लेकराचं तोंड असतं ना, तसं – पण डोळे उघडे.

दुपारी तिथंच फरशीवर डोळा लागला. सपनात घाटाखालचं आमचं रान. मेंढरं चाललीत, त्यांच्या डोक्यावर तो चेंडू थांबलेला. पिवळाधमक. एक बी मेंढरू वर बघंना. मी म्हणते, अरे बघा की! तर माझा आवाजच निघंना.

उठले तवा गाल फरशीला चिकटलेला. मॅच संपलेली. जिंकल्या, असं मंजुषानं सांगितलं.

१५ मे, शुक्रवार

आज खेळ नाय, आराम. सोनाजीचा फोन. "आक्का, पोरगी टीव्हीवर दिसली. सगळी वाडी विचारायलीय, लग्न कवा? आता धोंड्याचा महिना लागायलाय. तो सरला की लगेच साखरपुडा. बावीस जून. तू शब्द दिलेला हाय."

म्हणलं दिलेला आहे. मी काय पळून चालले का!

संध्याकाळी शालूला फोन लावला, तारीख सांगितली. ती म्हणली, "बरं आत्या." मंग विचारलं, "नळाला पाणी आलं होतं का?"

गुणाची पोर. फोन ठेवला आन् साड्या कुठून घ्यायच्या त्याचा विचार करत भाकरी थापल्या.

१६ मे, शनिवार

सेमीफायनल. वेणी पुढं आलीच नाय.

पहिला चेंडू – ७१. मला वाटलं हात गरम व्हायचाय. दुसरा ६९. मंग तसेच. समोरच्या पोरी हाणायल्या, खुशाल! मी टीव्हीवर खेकसले, "हात मोडला का गं!" बोलणारा म्हणला, दमली. मंजुषा म्हणली, उन्हाचं असंल. शेवटी तिला बाहेर बसवली, दुसरीला आणली, कशाबशा जिंकल्या. उद्या फायनल.

दमली? दमलेल्या माणसाचं तोंड मला ठाऊक आहे. ते हे नव्हं.

मंग त्यांनी हळू करून दाखवलं. हात गोल फिरला, अगदी तसाच, जोरात. आन् कमरंपाशी आला तवा तिनं मनगट सोडून दिलं. आपण पोळी तव्यावर टाकताना जपून सोडतो ना, तसं. परत दाखवलं. परत तसंच. मुद्दाम! पोरगी मुद्दाम हळू टाकायलीय!

मी टीव्ही बंद केला. लई वेळ त्या काळ्या काचंत स्वतःलाच बघत बसले.

जूनमधी शिबिर. जूनमधीच साखरपुडा. मी तारीख सांगितली तवा माझ्या ध्यानात बी आलं नाय. तिच्या आलं. निवडच झाली नाय तर साखरपुड्याला नाही म्हणायची पाळी येत नाय. बाप आन् आत्या भांडत नाय. आत्याचा शब्द मोडत नाय. एवढं सगळं तिनं "बरं आत्या" मधी बसवलं, आन् वरून माझ्या पाण्याची काळजी केली.

मला रडू येत नाय, राग येतो. आला. पोळपाट आपटला.

सत्यम आला तवा दारातच विचारलं, "तुला शालू करायचीय का?"

बूट काढता काढता थांबला. "आज विचारायलीस?"

"आजच. बोल."

"आई, एका ताटात जेवून मोठे झालो आम्ही. तू ठरवलं म्हणून मी गप. ती बी गपच." मंग दुसरा बूट काढला. "जेवायला वाढ."

वाढलं. वरण अळणी होतं, त्यानं ते बी सांगितलं नाय.

१७ मे, रविवार

सकाळी सोनाजीला फोन केला. म्हणलं, शालू माझी सून व्हायची नाय, मी शब्द मागं घेतला, शिव्या द्यायच्या तर मला दे. दिल्या त्यानं. "आजपासून तू माझी बहीण नाय" इथवर गेला. मी ऐकून घेतलं, फोन ठेवला.

मंग शालूला लावला. म्हणलं, साखरपुडा मोडला, मी मोडला, आता टाक.

तिकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज. म्हणलं, "डोळे पुसू नको हातानं. बोटं ओली झाली तर चेंडू सटकंल."