समोर पाहणारी शेळी

३ सप्टेंबर
पोहोचले एकदाची! डोंगरात घर, घरामागे गुहा आणि गुहेत माझं सगळं काम. ल्योरेन्सने सामान उतरवलं आणि बोटीवरच्या नोकरीला उशीर नको म्हणून लगेच परतला. पाचवा महिना लागलाय, जाऊ नकोस म्हणत होता; नवराच तो. पण पाल्मात घरी बसून हाडं कशी सापडायची? शेजारच्या कोलोमाआजी अंजीर घेऊन आल्या आणि मला नखशिखान्त न्याहाळलं. "शहरातली ना तू? कोंबडी फडफडली तरी दचकतेस. इथलं पाणी पी, निवशील." घरात नळ नाही, गुहेतल्या झऱ्याचंच पाणी. गोड आहे.

२४ सप्टेंबर
काम झकास चाललंय. आमच्या मायोर्का बेटावरची ती नामशेष शेळी मुळात आली कुठून, हे मला शोधायचंय. लाखो वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र आटला होता तेव्हा तिचे पूर्वज चालत आले; मग पाणी परतलं आणि ते इथेच अडकले. खालच्या थरातल्या कवटीला डोळे बाजूला आहेत, चहूकडे भिऊन पाहणारे. वरच्या थरात डोळे समोर आलेले, मेंदू लहान, पाय आखूड. खाणारं कुणी नाही, मग भ्यायचं कशाला? हाडांत झाडासारखी वर्तुळं आहेत. चारा कमी पडला की ही बया वाढायचीच थांबायची! मला तर तिचं कौतुकच वाटलं.

१९ ऑक्टोबर
उंदीर पायावरून गेला आणि मी ओरडले नाही. मी, जी झुरळ पाहून खुर्चीवर चढायची! कोलोमाआजी म्हणाल्या, आत्ता कुठे मायोर्काची शोभतेस. बेकरीवालाही तेच म्हणाला. मी खूश.
नखं कापायला बसले, तर वाढलेलीच नव्हती.

१२ नोव्हेंबर
सुईण येऊन गेली. पोटाला फीत लावली, पुन्हा लावली. सप्टेंबरात होतं तेवढंच. बाळ जिवंत आहे, ठोके फार संथ आहेत. उद्याच्या उद्या पाल्माच्या इस्पितळात जा, असं तिने बजावलं. आजी तिच्यावरच घसरल्या: तुम्हा पोरींना सगळ्याची घाई, लेकरू काय पाव आहे, भट्टीत घातला की फुगायला? मला हसू आलं. खरं तर रडू यायला हवं होतं.

२६ नोव्हेंबर
गेले नाही.
पाणी. याच झऱ्यावर ती शेळी पिढ्यान्‌पिढ्या पाणी पीत होती. भीती विसरायला तिला लाखो वर्षं लागली, मला तीन महिने. यापुढे प्यायचं नाही, असं ठरवलं. दुपारी प्यायले. भीती वाटत नाही. पोटात माझं मूल वाढत नाहीये आणि मला भीती वाटत नाही —

१० डिसेंबर
ल्योरेन्सचा फोन. रडत होता. वीस तारखेला न्यायला येतो म्हणाला. ये म्हटलं.
सगळ्यांत वरच्या हाडांवर सुरीचे ओरखडे. पहिली माणसं आली तेव्हाचे. शेळी पळाली नसणार. नुसती समोर पाहत —

१८ डिसेंबर
थंडी. आजींनी सकाळी टेबलाखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं, वरून जाड कापड सोडलं. पाय आत घालून बस म्हणाल्या. मग चर्चला गेल्या.
ऊब छान आहे. जळका वास. कापडाची कड लाल — भोक पडलंय, मोठं होतंय.
उठायला हवं. कळतंय मला.
बाळाने लाथ मारली. इतक्या जोरात पहिल्यांदाच. पुन्हा मारली — भ्यालंय ते! माझं शहाणं लेकरू, त्याला भीती —
उठते. एवढी ओळ झाली की उठ