सहा नंबरच्या खाटेबद्दल

बाई, लातूरच्या आमच्या दवाखान्यातल्या कूलरबद्दल दाद मागायची आहे. जिवंत माणसांकडे मागून झाली, म्हणून तुमच्याकडे आलो. या कूलरला दोनच अवस्था ठाऊक आहेत: बंद, नाहीतर विमान. बंद ठेवला तर मी उकडून निघतो, चालू केला तर पलीकडच्यांना माझं बोलणं ऐकू जात नाही. साहेबांच्या मते त्याने कुणाचं फारसं नुकसान होत नाही. पलीकडचे म्हणजे एका लढाई चालू असलेल्या देशातल्या नर्सेस. आपल्यासारखंच काम, मरणाऱ्याचं दुखणं हलकं करायचं. दर गुरुवारी दुपारी कॉम्प्युटरवरून आम्ही त्यांना ‘आधार’ देतो. भिंतीवर तसा बॅनरही आहे. पहिल्या गुरुवारी मी त्यांना स्वतःची काळजी कशी घ्यावी याच्या स्लाइड दाखवल्या. पुरेसं झोपा, हिरवळीवर चाला. तळघरात बसलेली माझ्याच वयाची एक नर्स शांतपणे म्हणाली, “हिरवळीत सुरुंग आहेत. पुढची स्लाइड.” तेव्हापासून मी फक्त ऐकतो.

मध्यंतरी ती दोन गुरुवार आलीच नाही. तिसऱ्या गुरुवारी आली ती केस न विंचरता. तिचंही इंग्रजी तोडकं, माझंही, त्यामुळे आमच्यात फिरवून बोलायची सोय नाही. तिच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्यांची एकच स्ट्रिप उरली होती आणि पेशंट दोन. एक ओरडायचा. दुसरा म्हातारा, विचारलं की मान हलवून ‘ठीक’ म्हणायचा. स्ट्रिप तिने ओरडणाऱ्याला दिली. म्हातारा गेला, आणि अंग पुसताना तिला दिसलं, त्याने उशीचा कोपरा दातांनी फाडला होता. “तेव्हापासून मी कामावर गेले नाही,” ती म्हणाली. “त्याची मुलगी माझे आभार मानते. वडील शांतपणे गेले म्हणते. तिला सांगू की नको?” मी उठून कूलर बंद केला.

आणि मी एकदम नांदेडच्या वॉर्डात आहे. मी नवा ब्रदर, तुम्ही इनचार्ज. सहा नंबरच्या खाटेवर बिलोलीकडची एका शेतकऱ्याची बायको, कॅन्सर हाडात गेलेला. मी विचारतो, “मावशी, दुखतंय का?” ती म्हणते, “न्हाई बापा, बरं हाय.” मी तक्त्यावर ‘बरं’ लिहितो आणि तिच्या वाट्याच्या गोळ्या चार नंबरला देतो, कारण गोळ्या मोजक्या आणि चार नंबर ओरडून वॉर्ड डोक्यावर घेतो. तो गप्प झाला की मला निवांत चहा मिळतो. हेही आता लिहून टाकतो. दोन दिवसांनी ती जाते. तुम्ही तिची मूठ उघडता. तळव्यात नखं रुतलेली. “ती बरं हाय म्हणली अन् तू लिहून मोकळा झालास. आपल्याकडच्या बाया मरेस्तोवर बरंच म्हणतात. हात पाहायचा होतास तिचा.” दुसऱ्या दिवशी मी राजीनाम्याचा कागद घेऊन येतो, तर तिचा नवरा तुमच्यासमोर उभा. तो हात त्यानेही पाहिलेला. “गोळी कुणी बंद केली?” तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. “मी केली.” तो तुमच्या पायाशी थुंकतो. तुम्ही फडकं आणून फरशी पुसता आणि मला म्हणता, “उभा काय ऱ्हायलास? नऊ नंबरची कूस बदल.”

हे मी तिला सांगितलं. कुणालाही सांगायची पहिलीच वेळ. तिने विचारलं, “मग नंतर तू त्या नवऱ्याला खरं सांगितलंस?”

मी म्हणालो, “हो.”

“तो काय म्हणाला?”

“पुढच्या गुरुवारी सांगतो.”

“सांग. ते ऐकून मी ठरवते.”

रविवारी देगलूरला एस.टी. बदलून बिलोली गाठली, तिथून विचारत विचारत त्या नवऱ्याचं गाव. तो आता म्हातारा झालेला, शेळीला पाला घालत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं की गोळी बाईंनी नाही, मी बंद केली होती. त्याचा हात थांबला नाही.

“बाई हाय का?”

“न्हाई. गेल्या. लई वर्षं झाली.”

“थुंकलो व्हतो मी.”

“हाव.”

“मंग इतके दिस कुठं व्हतास तू?”

“लातूरला.”

“लातूर काय लई लांब न्हाई,” तो म्हणाला आणि उरलेला पाला शेळीपुढे टाकून घरात गेला. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी थोडा वेळ शेळीकडे बघत उभा राहिलो आणि निघालो.

गुरुवारी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. आधीचं ‘हो’ खोटं होतं, हेसुद्धा. ती बराच वेळ हसली, मग डोळे पुसले. “त्या मुलीचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहे,” म्हणाली, आणि कॉम्प्युटर चालूच ठेवून उठली. आम्ही तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसलो. आधार देणं ते हेच असावं. बॅनरवर मावलं नसतं.

बाई, हे पत्र कुठे टाकणार, ठेवून देतो. तुमच्यावरचा आळ उतरवायला बिलोलीला गेलो होतो असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. मी गेलो कारण गुरुवार जवळ आला होता.