व्हर्नभाऊजींच्या ट्रेलरवरची ताडपत्री

मंगळवार, ३ ऑक्टोबर २०१७
मिनेसोटा

प्रिय मार्लिसताई,

इकडे सर्व ठीक. सोयाबीन काढून झालं. डॉनाचा गुडघा बरा आहे, तिने नणंदेसाठी सोबत सफरचंदाचा मुरंबा दिलाय.

रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या वेळी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ऑरिननं तीन वर्षं माझा ट्रेलर त्याच्या अंगणात डोळ्यांत तेल घालून सांभाळला. घर विकलं की मी बिनघोर त्यात राहायला जाणार." लोकांनी माझी पाठ थोपटली. बोलावं लागू नये म्हणून मी अख्खं बिस्किट तोंडात कोंबलं.

भाऊजी दर वसंतात त्या चाकांवरच्या घराच्या छतावर चढायचे. सांध्यांवरून बोट फिरवायचे, भेग लागली की तिथल्या तिथे भरायचे. मग आत येऊन भिंतींचे कोपरे अंगठ्याने दाबून बघायचे. "भिंत मऊ लागली ऑरिन, की समज पाणी शिरलं. मग हा ट्रेलर कुणी फुकटही नेणार नाही." दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीतही त्यांनी मला हेच बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं.

ताई, धान्याच्या कोठीवरून पडल्यापासून मला शिडीची भीती वाटते. हे सांगायची लाज, म्हणून मी अक्कल चालवली. निळी ताडपत्री आणली आणि खालूनच दोर फेकून ट्रेलर करकचून बांधून टाकला. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, काय काळजी घेतो हा माणूस! तीन हिवाळे ती ताडपत्री वाऱ्यावर फडफडत छत घासत राहिली, आणि आतली ओल आतच कोंडली. या मे महिन्यात सोडली तेव्हा छताला हातभर चीर होती. तुझ्या पलंगाच्या उशाकडची भिंत दाबली तर अंगठा आत गेला. मागे सगळी काळी बुरशी.

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. त्याऐवजी मी त्या भिंतीवर नवं प्लायवूड ठोकलं आणि पांढरा रंग मारला.

डॉना म्हणाली, "अरे, तिला दमा आहे. झाकल्यानं कुजायचं थांबतं का?"

"तू यात पडू नकोस," मी म्हणालो.

ऑगस्टमध्ये तू एक रात्र त्यात झोपलीस आणि सकाळपर्यंत खोकत होतीस. मी म्हणालो, "शेजारच्यानं गवत कापलंय, त्याचा त्रास." तू विश्वास ठेवलास, वर मलाच कॉफी करून दिलीस. मी शेण खाल्लं, ताई. तेव्हापासून मला माझीच किळस येते.

परवा गुरुवारी घराच्या कागदांवर सही करू नकोस. त्या ट्रेलरमध्ये तुझा एक महिनाही निघणार नाही, आणि तो आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलाय. माझ्यामुळे.

टपालाने हे गुरुवारच्या आत पोचेल याचा भरवसा नाही. तोंडाने सांगायला आलो, तर नेहमीसारखा हवापाण्याच्या गप्पा मारून परत जाईन. म्हणून पाकीट स्वतः तुझ्या हातात देतोय. आत बसून सावकाश वाच. शिव्या द्यायच्या असतील तर बाहेर ये. नाही आलीस तरी मी जाणार नाही.

तुझ्या दाराबाहेर पायरीवर बसलेला,
ऑरिन