झेंडूच्या आराशीतली आई

पुएब्ला, दिवाळी पाडवा

ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिला सांग, दिवाळी झकास झाली.

चकल्या तुटल्या, तरी निहारने सहा खाल्ल्या. झेंडू इथे ढिगाने मिळतो, कारण याच दिवसांत इथले लोक झेंडू मांडून आपल्या गेलेल्या माणसांना घरी बोलावतात. मी दाराला तोरण बांधलं, तर शेजारच्या ओफेलियाबाई गोड पाव घेऊन धावत आल्या. "अगं बाई, तुझं कोण गेलं?" मी हसले.

परवा निहारच्या शाळेत गेले. मुलांनी झेंडूची आरास करून घरातल्या गेलेल्यांचे फोटो मांडले होते. मधोमध आपली आई, आणि तिच्यापुढे माझी तुटकी चकली.

"अरे, आजी आहे ना! रविवारी फोनवर बोललास की तिच्याशी," मी म्हटलं.

"पण ती येत नाही ना," तो म्हणाला. "बाई म्हणाल्या, फोटो ठेवला की लांबची माणसं येतात."

पाच वर्षांचं पोर ते. फोटो उचलायला मी हात पुढे केला, तेवढ्यात तुझं पत्र आठवलं. डॉक्टरांनी आईला महिनाच दिलाय, आणि आमचे व्हिसाचे कागद मार्चच्या आधी हातात येत नाहीत, तोवर इथून निघता येत नाही.

मी फोटो तिथेच राहू दिला, ताई. चकली तेवढी सरळ केली.

आई जेवते का गं?

तुझी,
वृंदा